दोन औषधांमध्ये अंतर का आणि किती ठेवायचे: नव्याने गोळ्या सुरू झालेल्यांसाठी

हाडे ठिसूळ झाल्यावर दिली जाणारी ॲलेंड्रोनेटची गोळी अनशापोटी, साध्या पाण्याबरोबर, अगदी सांगितल्याप्रमाणे घेतली तरी तिच्यातले जेमतेम ०.६ ते ०.७ टक्के औषध रक्तात पोचते. बाकीचे आतड्यातून तसेच निघून जाते. तीच गोळी कॉफीबरोबर किंवा संत्र्याच्या रसाबरोबर घेतली, तर आधीच तुटपुंजा असलेला हा वाटा आणखी सुमारे ६० टक्क्यांनी घटतो. गोळी एकदाही चुकत नाही, तरी हाडांच्या वाट्याला जवळपास काहीच येत नाही.

हे टोकाचे उदाहरण झाले, पण अशी औषधे बरीच आहेत. थायरॉईड, रक्ताक्षय, ॲसिडिटी, हृदय यांपैकी दोन-तीन तक्रारींच्या गोळ्या एकाच वेळी सुरू असतील, किंवा घरातल्या कुणाच्या गोळ्यांकडे तुम्हाला लक्ष द्यावे लागत असेल, तर पुढच्या पायऱ्या तुमच्यासाठी आहेत. एक गोष्ट आधीच सांगतो. यातले काहीही वाचून कोणतेही औषध स्वतःहून बंद करू नका आणि मात्राही बदलू नका. औषधांच्या वेळा नीट लावता येणे आणि डॉक्टरांना नेमका प्रश्न विचारता येणे, एवढ्यासाठीच हा लेख आहे.

आधी गोळीचा प्रवास

गोळी जठरात पोचली की फुटते आणि तिच्यातले औषध तिथल्या रसात विरघळू लागते. विरघळल्याशिवाय शोषण नाही. बहुतेक औषधांचे शोषण मुख्यतः लहान आतड्यात होते. आतड्याच्या भिंतीतल्या पेशी औषध आत घेतात. पण त्याच पेशींमध्ये औषध मोडून टाकणारी विकरे असतात, आणि आत आलेले औषध परत आतड्यात ढकलणारे प्रथिनांचे पंपही असतात. यातून जे वाचते ते यकृतात जाते, तिथे आणखी काही भाग मोडला जातो आणि उरलेले शरीरभर फिरते. शिरेतून दिलेले औषध पूर्ण १०० टक्के रक्तात असते. तोंडाने घेतलेल्या औषधाचा जेवढा टक्का रक्तात पोचतो, त्याला त्या औषधाची जैवउपलब्धता म्हणतात.

या वाटेवर दुसरे औषध चार प्रकारे आडवे येते. आतड्यात ते पहिल्या औषधाला पकडून ठेवते, जठरातले आम्ल कमी करते, पोट रिकामे होण्याचा वेग बदलते किंवा आतड्याच्या भिंतीतली विकरे आणि पंप यांच्या कामात ढवळाढवळ करते. नवख्या माणसाने यातून एकच गोष्ट पक्की करावी: आपल्या बाबतीतला प्रश्न दोन गोळ्यांमध्ये काही तासांचे अंतर ठेवून सुटणारा आहे, की कितीही अंतर ठेवले तरी न सुटणारा? पहिल्यावर घड्याळ पुरते. दुसऱ्यावर औषधच बदलावे लागते किंवा मात्रा नव्याने ठरवावी लागते, आणि ते काम डॉक्टरांचे.

पहिली पायरी: पूर्ण यादी

कागद घ्या आणि पोटात जाणारी प्रत्येक गोष्ट लिहा. चिठ्ठीवर नसलेल्या गोष्टीच बहुतेक वेळा राहून जातात: जळजळ झाली की घेतले जाणारे पातळ ॲन्टासिड, मल्टिव्हिटॅमिन, बद्धकोष्ठतेची भुकटी, वनौषधींच्या कॅप्सूल. डॉक्टरांनी ‘काही औषधे चालू आहेत का?’ असे विचारल्यावर मल्टिव्हिटॅमिन सांगायचे कुणाच्या मनातही येत नाही, आणि घोळ नेमका तिथेच असतो.

ब्रँडच्या नावावर थांबू नका. स्ट्रिप उलटी करून बारीक अक्षरांतले घटक वाचा. कॅल्शियम, फेरस किंवा फेरिक, झिंक, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम हे शब्द दिसले की त्याखाली रेघ मारा. सुक्राल्फेट (जठरातल्या व्रणावरचे औषध) आणि कोलेस्टिरामिन या नावांखालीही मारा.

दुसरी पायरी: पकडून ठेवणारी औषधे वेगळी काढा

रेघ मारलेल्या या पदार्थांवर मी सर्वांत जास्त वेळ घालवायला सांगेन, कारण ते घरोघरी असतात आणि त्यांच्यामुळे होणारे नुकसान बहुतेक वेळा पूर्णपणे टाळता येते.

कॅल्शियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, लोह आणि जस्त हे धातू काही औषधांच्या रेणूंना आतड्यातच घट्ट चिकटतात. तयार झालेले संयुग आतड्याच्या भिंतीतून जाऊ शकत नाही आणि शौचावाटे बाहेर पडते. टेट्रासायक्लिन गटातली प्रतिजैविके, सिप्रोफ्लॉक्सासिन आणि तिची भावंडे, थायरॉक्सिन, ॲलेंड्रोनेटसारखी हाडांची औषधे, एचआयव्हीवरचे डोल्युटेग्राविर, ही त्यात सापडणारी नेहमीची नावे. कंपवातावरच्या लेव्होडोपालाही लोह असेच पकडते.

सिप्रोफ्लॉक्सासिनचे उदाहरण जवळून पाहू. मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम असलेल्या ॲन्टासिडबरोबर ती घेतली, तर तिची जैवउपलब्धता तब्बल ९० टक्क्यांनी घसरू शकते. म्हणजे ५०० मिलिग्रॅमची गोळी गिळून ५० मिलिग्रॅमच्या गोळीइतका उपयोग. जंतुसंसर्ग वाढत जातो आणि ‘औषध लागू पडत नाही’ असा निष्कर्ष निघतो. म्हणून नियम असा, की सिप्रोफ्लॉक्सासिन या पदार्थांच्या किमान २ तास आधी किंवा ६ तास नंतर घ्यायची.

आधी २ आणि नंतर ६ असे का, हे समजले की नियम पाठ करावा लागत नाही. प्रतिजैविक आधी गेले तर दोन तासांत त्याचा बराचसा भाग शोषून झालेला असतो. मागून आलेल्या ॲन्टासिडला पकडायला फारसे काही उरत नाही. उलट ॲन्टासिड आधी गेले तर त्यातले धातू आतड्यात कितीतरी वेळ रेंगाळतात आणि चार तासांनी आलेल्या गोळीलाही गाठतात. पकडणारे औषध शक्यतो मागून घ्यावे, हा धडा इतर जोड्यांनाही लागू पडतो. कोलेस्टेरॉलसाठी दिली जाणारी कोलेस्टिरामिनची पूड रक्त पातळ ठेवणारे वॉर्फरिन, हृदयाचे डिगॉक्सिन, थायरॉक्सिन अशा अनेक औषधांना धरून ठेवते, म्हणून इतर औषधे तिच्या १ तास आधी किंवा ४ ते ६ तास नंतर घ्यायला सांगतात.

दुधात कॅल्शियम असते, त्यामुळे सिप्रोफ्लॉक्सासिन नुसत्या दुधाबरोबर घेऊ नये. मात्र जेवणात दुधाचे काही असेल तर त्या जेवणाबरोबर ती चालते.

थायरॉक्सिनची गोळी फार नाजूक. अनशापोटी घेतली तर साधारण ६० ते ८० टक्के शोषली जाते. कॉफी, कॅल्शियम, लोह, ॲन्टासिड, कोलेस्टिरामिन या सगळ्यांनी हा आकडा खाली येतो. ती न्याहारीच्या ३० ते ६० मिनिटे आधी साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि कॅल्शियम किंवा लोह ४ तास दूर ठेवावे. ज्यांची सकाळ धावपळीची असते त्यांना रात्री झोपताना, शेवटच्या खाण्यानंतर ३ तासांनी, ती घेता येते. डॉक्टरांना विचारून असा बदल करायला काहीच हरकत नाही. रोज अर्धवट पाळल्या जाणाऱ्या सकाळपेक्षा नेमाने पाळलेली रात्र बरी, असे माझे मत आहे.

तिसरी पायरी: आम्लावर अवलंबून असलेली औषधे ओळखा

इथे घड्याळाचा उपयोग संपू लागतो.

काही औषधे आम्लातच नीट विरघळतात. बुरशीवरची इट्राकोनाझोलची कॅप्सूल आणि किटोकोनाझोल, एचआयव्हीवरची अटाझानाविर आणि रिल्पिविरिन, कर्करोगावरची डासाटिनिब आणि एर्लोटिनिब ही त्यांतली ठळक नावे. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल, राबेप्राझोल या ॲसिडिटीच्या गोळ्या सुरू असतील तर ही औषधे पुरेशी विरघळत नाहीत.

मग ओमेप्राझोल सकाळी आणि इट्राकोनाझोल रात्री घेतले तर? चालत नाही. ओमेप्राझोल रक्तातून काही तासांतच नाहीसे होते, पण जाण्याआधी ते जठरातले आम्ल तयार करणारे पंप कायमचे बंद करून गेलेले असते. शरीराने नवे पंप तयार करेपर्यंत आम्ल कमीच राहते, आणि रोजच्या गोळीमुळे ते दिवसभर कमी असते. रिल्पिविरिनच्या गोळ्या आणि हा गट एकत्र द्यायचाच नाही, असा स्पष्ट नियम आहे. साध्या ॲन्टासिडचा परिणाम मात्र थोडा वेळ टिकतो. त्यामुळे डासाटिनिबच्या २ तास आधी किंवा २ तास नंतर ते घेता येते.

अशा वेळी डॉक्टरांपुढे ठेवायचा प्रश्न सरळ आहे: ॲसिडिटीची गोळी अजून खरेच हवी आहे का? पुष्कळांची ती कधीकाळी दोन आठवड्यांसाठी सुरू झालेली असते आणि मग चालूच राहते. दुसरा प्रश्न असा, की याच औषधाचे आम्लावर न अडणारे रूप मिळते का? इट्राकोनाझोलची कॅप्सूल भरल्या पोटी घ्यावी लागते, त्याचे पातळ औषध मात्र उपाशीपोटी जास्त चांगले शोषले जाते. औषध एकच, सूचना अगदी उलट. म्हणून बाटलीवरची सूचना स्ट्रिपला लावू नये.

लोहाच्या गोळ्यांचे आणि कॅल्शियम कार्बोनेटचे शोषणही आम्ल कमी झाल्याने घटते. कॅल्शियम कार्बोनेट जेवणाबरोबर घ्यायला सांगतात ते यासाठीच. ॲसिडिटीची गोळी कायमची असेल तर कॅल्शियम सिट्रेट चालेल का, हे विचारून पाहा. त्याला आम्लाची तेवढी गरज लागत नाही.

चौथी पायरी: आतड्याच्या भिंतीत होणारे बदल

आतापर्यंतचा धोका औषध कमी पोचण्याचा होता. भिंतीपाशी तो दोन्ही बाजूंनी येतो.

ग्रेपफ्रूटची गोष्ट औषधशास्त्रात प्रसिद्ध आहे. कॅनडातले डेव्हिड बेली आणि त्यांचे सहकारी रक्तदाबावरच्या फेलोडिपिनवर मद्याचा काय परिणाम होतो हे तपासत होते. मद्याची चव लपवण्यासाठी त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला, आणि फेलोडिपिनची रक्तातली पातळी अपेक्षेपेक्षा कितीतरी वर गेलेली दिसली. हे निरीक्षण १९८९ साली प्रसिद्ध झाले. कारण नंतर कळले. या फळातली फ्युरानोकूमारिन नावाची द्रव्ये आतड्याच्या भिंतीतले सीवायपी३ए४ हे विकर निकामी करतात. रोज वाटेतच मोडला जाणारा औषधाचा भाग मग थेट रक्तात उतरतो. कोलेस्टेरॉलवरचे सिम्व्हास्टॅटिन, रक्तदाबावरचे निफेडिपिन, प्रतिकारशक्ती दाबणारे सायक्लोस्पोरिन यांच्याबाबतही असेच घडते.

इथेही अंतर उपयोगी पडत नाही. निकामी झालेल्या विकराच्या जागी नवे तयार व्हायला एक दिवस किंवा त्याहून जास्त लागतो. सकाळी रस आणि रात्री गोळी ही वाटणी त्यामुळे फोल ठरते. अशी औषधे चालू असताना ग्रेपफ्रूट टाळावे हेच सोपे. पपनस आणि कडू संत्रे यांतही तशीच द्रव्ये असतात.

आणि हाच रस ॲलर्जीवरच्या फेक्सोफेनाडिनचे शोषण कमी करतो. तिथे तो औषधाला आत नेणाऱ्या वाहक प्रथिनांना अडवतो. सफरचंदाचा आणि संत्र्याचा रसही तेच करतो. म्हणून फेक्सोफेनाडिन पाण्याबरोबरच घ्यावी.

औषधाला मागे ढकलणारा जो पंप वर आला, त्याचे नाव पी-ग्लायकोप्रोटीन. क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक आणि व्हेरापामिल व अमिओडेरोन ही हृदयाची औषधे तो पंप मंद करतात, त्यामुळे हृदयाचे डिगॉक्सिन रक्तात वाढते. क्षयरोगावरचे रिफाम्पिसिन उलट तो पंप वाढवते आणि डिगॉक्सिन कमी पोचते. सेंट जॉन्स वर्ट ही उदासीनतेसाठी घेतली जाणारी वनस्पतीही अशीच वागते. ‘नैसर्गिक आहे, काही होत नाही’ म्हणून ती यादीतून वगळली तर मोठी चूक होईल. रिफाम्पिसिनचा हा परिणाम चढायला दिवस लागतात आणि औषध बंद केल्यावरही तो सुमारे दोन आठवडे रेंगाळतो.

पाचवी पायरी: वेग आणि आवरण

ही पायरी थोडक्यात उरकता येते. मेटोक्लोप्रामाइड पोट लवकर रिकामे करते, त्यामुळे पॅरासिटामॉल लवकर लागू पडते. अफूवर्गीय वेदनाशामके आणि सेमाग्लुटाइडसारखी मधुमेहाची व वजनाची इंजेक्शने पोट सावकाश रिकामे होऊ देतात. अशा वेळी बहुतेक औषधांची एकूण शोषली जाणारी मात्रा फारशी बदलत नाही, परिणाम उशिरा सुरू होतो एवढेच. दुखणे लगेच थांबायला हवे असेल तेव्हा हा उशीर जाणवतो. ‘अजून उतार नाही’ म्हणून दुसरी गोळी घेण्याची घाई तेव्हा होऊ देऊ नका.

आवरणाच्या गोळ्यांचे मात्र लक्षात ठेवा. बद्धकोष्ठतेवरच्या बिसाकोडिलचे आवरण आतड्यात पोचल्यावर विरघळण्यासाठी असते. दूध किंवा ॲन्टासिड तासाभराच्या आत घेतले तर ते जठरातच विरघळते आणि पोटात मुरडा येतो. हळूहळू औषध सोडणाऱ्या गोळ्या चावू किंवा कुटू नयेत, आणि काहींच्या बाबतीत मद्यही धोक्याचे आहे. हायड्रोमॉर्फोन या अफूवर्गीय वेदनाशामकाची एक दीर्घ परिणामी कॅप्सूल मद्याबरोबर आपली सगळी मात्रा एकदम सोडू शकते असे आढळल्यावर २००५ साली अमेरिकेत ती बाजारातून मागे घेतली गेली.

सहावी पायरी: वेळापत्रक मांडा

समजा, एका व्यक्तीला थायरॉक्सिन, पँटोप्राझोल, दिवसातून एकदा लोह आणि एकदा कॅल्शियम कार्बोनेट सुरू आहे. सकाळी ६ वाजता थायरॉक्सिन पाण्याबरोबर. साडेसहाला पँटोप्राझोल, कारण ते न्याहारीच्या अर्धा-एक तास आधी चांगले काम करते. ७ वाजता न्याहारी आणि कॉफी. ११ वाजता लोह. थायरॉक्सिनपासून ५ तास झालेले असतात आणि पोटही बऱ्यापैकी रिकामे असते. कॅल्शियम रात्री ८ ला जेवणाबरोबर. सगळी अंतरे बसली.

आता या व्यक्तीला सात दिवस सिप्रोफ्लॉक्सासिन दिले, दर १२ तासांनी. सकाळी ७ ची गोळी बसते. लोहाला ४ तास बाकी असतात आणि रात्रीच्या कॅल्शियमला ११ तास होऊन गेलेले असतात. पण संध्याकाळी ७ ची गोळी कॅल्शियमच्या फक्त एक तास आधी येते, आणि तिथे दोन तास हवेत. जेवण ९ वाजता ढकलले तर जमेल, पण घाईच्या दिवशी हे विसरले जाणारच. अशा वेळी ‘हा कोर्स संपेपर्यंत लोह आणि कॅल्शियम थांबवू का?’ असे डॉक्टरांना विचारा. बहुतेकदा काही दिवसांच्या खंडाने त्या दोन्हींचे फारसे बिघडत नाही, प्रतिजैविक वाया गेले तर मात्र पुष्कळ बिघडते. उत्तर त्यांच्याकडूनच घ्या, कारण तीव्र रक्ताक्षय असलेल्या किंवा कॅल्शियम फार कमी असलेल्या माणसाला हा सल्ला लागू होत नाही.

चुकून दोन्ही एकत्र घेतले गेले तर? त्याच वेळची गोळी पुन्हा घेऊ नका. किती शोषले गेले हे बाहेरून कळत नाही आणि मात्रा दुप्पट होऊ शकते. पुढची गोळी ठरल्या वेळी, योग्य अंतराने घ्या. वारंवार असे होत असेल तर सांगा.

सातवी पायरी: कोणत्या औषधांवर जास्त लक्ष ठेवायचे

सगळ्याच जोड्यांची सारखी काळजी करायची गरज नाही. डिगॉक्सिन, वॉर्फरिन, फिट येण्यावरचे फेनिटोइन, सायक्लोस्पोरिन, त्याच्यासारखेच प्रतिकारशक्ती दाबणारे टॅक्रोलिमस आणि थायरॉक्सिन यांची उपयोगी मात्रा आणि अपायकारक मात्रा एकमेकींना खेटून असतात. यांपैकी एक जरी यादीत असेल तरी कोणतीही नवी गोष्ट, अगदी दुकानातून सहज आणलेले ॲन्टासिडसुद्धा, फार्मासिस्टला विचारून घ्या. डिगॉक्सिन घेणाऱ्याला मळमळ, भूक मरणे, दिसण्यात पिवळसर झाक किंवा ठोके अनियमित होणे जाणवले तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

आठवी पायरी: काही बंद झाले तरी सांगा

नवीन औषध सुरू झाल्यावर विचारायची सवय लोकांना असते. बंद झाल्यावर कुणी विचारत नाही. थायरॉक्सिनची मात्रा टीएसएच (थायरॉईडचे काम दाखवणारी रक्ततपासणी) पाहून ठरवलेली असते. त्या काळात गोळी कॅल्शियमच्या शेजारी घेतली जात असेल, तर कमी शोषणाची भरपाई होईल इतकी मात्रा डॉक्टरांनी नकळत वाढवलेली असते. नंतर कॅल्शियम थांबले, किंवा वेळा सुधारल्या, की तीच मात्रा जास्त होते: छातीत धडधड, हातांना कंप, झोप उडणे, वजन घटणे. रिफाम्पिसिन संपल्यावर डिगॉक्सिनच्या बाबतीतही असेच घडते. म्हणून एखादे औषध थांबले किंवा त्याची वेळ बदलली, तर यादीत तारीख टाकून नोंद करा आणि ती यादी पुढच्या भेटीत दाखवा. थायरॉक्सिनच्या बाबतीत अशा बदलानंतर ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासायला हवा का, हे तेव्हाच विचारून घ्या.